‘किती वेळ?’ विचारणारे मामा

फोन आला तेव्हा मी मानोऱ्याच्या पलीकडच्या एका तांड्यावर लसीकरणाच्या सत्रात होते. समोर बाळांची यादी, हातात पेन, आणि सहा नावांवर अजून खूण व्हायची होती. फोनवर धाकट्या भावाचं नाव दिसलं. सिदू सकाळच्या वेळी कधी फोन करत नाही. "ताई, यशवंतमामा गेले," तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "किती वाजता?" तो म्हणाला, "साडेसहाले. मामीनं चहा नेला तं मामानं कप हातात घेतलाच नाही." नर्सच्या नोकरीत हा प्रश्न मी कितीतरी घरांत विचारला आहे, नोंदीत वेळ लागते म्हणून. पण सख्ख्या मामाच्या मरणाची बातमी ऐकून पहिल्यांदा हेच सुचावं, याची मला लाज वाटली. उघडलेल्या लसीच्या कुपीला ठरावीक तासांची मुदत असते, ती मामांसाठीही वाढत नाही. म्हणून उरलेली सहा बाळं केली, त्यांच्या आयांना सूचना दिल्या आणि मग एसटी धरली. खिडकीशी बसल्यावर रडू आलं. कारंजा यायच्या आत डोळे पुसले, आणि लक्षात आलं की लाजायचं काही कारण नाही. मामा असते तर त्यांनीही आधी तेच विचारलं असतं, आणि त्याला आणखी एक प्रश्न जोडला असता: "किती वेळ लागला?" सिदूने नंतर सांगितलं, वेळ लागलाच नव्हता.

आता सहा आठवडे झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मामींचे पेन्शनचे फॉर्म भरून झाले, मामांचे कपडे ज्यांना द्यायचे त्यांना दिले. ही सगळी कामं मी सवयीप्रमाणे यादी करून केली आणि एकेक ओळ खोडली. एकच ओळ राहिली आहे: ‘मामांबद्दल लिहायचं.’

मामा वाशीमच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. शिक्षण दहावीपर्यंत, पण नोकरी इतकी वर्षं केली की नवीन आलेले सरसुद्धा कुठली बरणी कुठल्या कपाटात आहे हे त्यांनाच विचारायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. आमचं गाव धनजपासून थोडं आत, तिथे दहावीच्या पुढे शाळा नव्हती, म्हणून अकरावी-बारावीसाठी आईने मला मामांच्या घरी ठेवलं. स्टेशनच्या रस्त्यावर दोन खोल्या होत्या. मामी शिवणकाम करायच्या, मी अभ्यास करायचे, आणि सुट्टीच्या दिवशी मामा मला प्रयोगशाळेत घेऊन जायचे, कारण तिथल्या माशांना सुट्टी नसायची.

त्या काळी तिथे एक प्रॅक्टिकल व्हायचं, आता तसली प्रॅक्टिकल्स बंद झाली आहेत. काचेच्या बरण्या ओळीने मांडायच्या, प्रत्येकीत सारखं पाणी, सारखे मासे, आणि शेतात मारायचं कीटकनाशक थेंबाथेंबाने वाढत्या प्रमाणात. एका बरणीत नुसतं पाणी. मुलं पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने यायची. तेज औषधाच्या बरणीतले मासे संध्याकाळपर्यंत उलटे व्हायचे, हलक्या बरणीतले मजेत फिरायचे. तेवढं वहीत लिहून मुलं निघून जायची. सर चार दिवस रोज नोंद घ्या म्हणून सांगायचे, पण मध्ये रविवार आला की कोणी फिरकत नसे. मामा मात्र रोज जायचे. "पोट्टे म्हनतात, पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हंजे दवाई लागत नाही," ते कुलूप उघडता उघडता मला सांगायचे, "आन मासा बिचारा तिकडं तिसरा दिवस मोजून राह्यला. त्याले रविवार समजत नाही ना, माय."

त्या हलक्या बरणीसमोर मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसलेली मला आठवते. पहिल्या दिवशी त्या माशांत आणि साध्या पाण्यातल्या माशांत मला काही फरक दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते थोडे वर वर राहायला लागले. तिसऱ्या दिवशी एक मासा तिरका पोहत होता, जणू त्याच्या एका बाजूला वजन बांधलं आहे. चौथ्या दिवशी... मामांनी जाळीने त्यांना बाहेर काढलं आणि म्हणाले, "आता सांग. बरनीत दवाई किती होती?" मी म्हटलं, पहिल्या दिवशी होती तेवढीच. "वाढवली कोनी?" कोणीच नाही. "मंग काय वाढलं?" मामांनी माझ्याकडे न बघता बरणी विसळायला घेतली. उत्तर मला घरी जाताना रस्त्यात सुचलं आणि मी तिथेच थांबून ओरडले, "वेळ!" पानठेल्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. मामा म्हणाले, "हौ. पन हळू सांग, त्यायले वाटन आपली गाडी चुकली."

सरांच्या परवानगीने मामा आणखी एक गोष्ट करायचे. तेज बरणीतले काही मासे ते थोड्याच वेळात उचलून स्वच्छ पाण्यात टाकायचे. त्यातले बरेचसे वाचायचे. तेज औषध थोडा वेळ सोसलं जातं, हलकं औषध फार वेळ सोसलं जात नाही, हे मला असं बरण्यांवरून कळलं, पुस्तकात ते फार नंतर भेटलं. आणि वाचलेला मासा दुसऱ्याच दिवशी पुन्हा औषधात टाकला तर तो नव्या माशाच्या आधी पडायचा. त्यालाच बरेच दिवस स्वच्छ पाण्यात ठेवलं तर टिकायचा. दिसायला दोघंही सारखेच, टवटवीत. "आंगावरून समजत नाही," मामा म्हणायचे, "आतमदी हिसाब चालू राह्यते." वाचलेल्या माशांना पुन्हा बरणीत टाकायची वेळ आली की मामा ते काम दुसऱ्या परिचराला सांगायचे आणि स्वतः बाहेर जाऊन उभे राहायचे. मी कारण विचारलं होतं. "एकदा वाचवलेल्याले परत टाकाले हात नाही होत," एवढंच म्हणाले.

पुढे मी नर्सिंगला गेले, नोकरी लागली, लग्न झालं. याद्या करण्याची सवय मला आधीपासूनची, नोकरीने ती पक्की केली. गरोदर मातांची यादी, डासांसाठी गप्पी मासे सोडायच्या टाक्यांची यादी, घरी किराण्याची, माहेरी जाताना न्यायच्या वस्तूंची. मामा चिडवायचे, "वंदूच्या यादीत पहिलं कलम राह्यते, यादी कर." निवृत्त झाल्यावर मामा-मामी वाशीम सोडून आमच्याच गावात परत आले, आईचं माहेरही तेच. आईबाबा तोवर राहिले नव्हते, त्यामुळे सिदूला आधार आणि मला माहेर म्हणजे मामांचं घर.

सिदू तेव्हा फवारणीची कामं घ्यायला लागला होता. शेत थोडं, अंगात ताकद भरपूर. सोयाबीन, कपाशी, मग तूर, हंगाम लागला की पाठीवर पंप आणि रोज कुणाचं ना कुणाचं शेत. जितके पंप तितकी मजुरी, त्यामुळे सकाळी चढवलेला पंप संध्याकाळीच उतरायचा. गावात त्याचं नाव होतं, सिदूने मारलेल्या शेतात अळी शिल्लक राहत नाही म्हणून. मला काळजी वाटली आणि काळजी वाटली की मी जे करते तेच केलं. फवारणी करणाऱ्यांनी घ्यायच्या काळजीची यादी केली. मोठ्या अक्षरात लिहून घेतली आणि गावातल्या बुद्धविहाराच्या भिंतीवर आणि बसथांब्यावर लावली. हातमोजे घाला, तोंड बांधा, वाऱ्याकडे पाठ करा, औषध मापानेच घ्या, नोजल तोंडाने फुंकू नका, फवारणीसाठी वेगळा सदरा ठेवा... अशी चौदा कलमं होती. मला त्या यादीचा अभिमान होता, हे कबूल करायला हवं.

आणि लोकांनी ती पाळली! निदान त्यातलं एक कलम तरी सगळ्यांनी मनापासून पाळलं: वेगळा सदरा. आमच्याकडे चांगले कपडे जपायची सवय लोकांना असतेच, त्यात सिस्टरने लिहून दिलेलं. प्रत्येक फवारणीवाल्याने एक जुना सदरा त्या कामासाठी काढला आणि घरातल्या कपड्यांना शिवायला नको म्हणून गोठ्यात खुंटीला टांगला. सकाळी तोच घालायचा, संध्याकाळी तोच टांगायचा. उद्या पुन्हा त्यावरच औषध उडणार म्हटल्यावर तो धुवायचा कशाला? हंगामभर तो सदरा खुंटीवरून अंगावर आणि अंगावरून खुंटीवर. सिदूचा तर इतका कडक झाला होता की त्याची बायको अर्चना म्हणायची, "खुंटीची गरज नाही, खाली ठेवला तरी उभा राह्यते."

त्या भादव्यात सिदूला संध्याकाळी डोकं दुखायला लागलं. ऊन लागलं, असं तो म्हणायचा. एखादा दिवस काम नसलं की बरा व्हायचा, कामाची ओळ लागली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा तेच. मी फोनवर कलमं विचारायची, तो कंटाळून हो हो म्हणायचा. "ताई, दवाई लागत असती तं पहिल्याच दिवशी लागली असती. पहिल्या दिवशी मी नुसता घोडा राह्यतो." हे वाक्य मी आधी कुठे ऐकलं आहे ते मला तेव्हा आठवलं नाही. मला वाटलं, पोरगा खरं बोलतो आहे. मोजे घालतो, तोंड बांधतो, माप चुकवत नाही. माझ्या यादीप्रमाणे सगळं ठीक होतं.

एका गुरुवारी मी रजा काढून गावाला गेले होते. अकराच्या सुमारास श्यामरावांच्या शेतातून दोघांनी सिदूला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं. घामाने निथळत होता, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे धूर दिसतो म्हणत होता. मी त्याचा सदरा काढला, अंग साबणाने धुतलं, आणि ऑटोने कारंज्याच्या दवाखान्यात नेलं. मामाही ऑटोत चढले. डॉक्टरांनी भराभर प्रश्न विचारले आणि मी भराभर उत्तरं दिली, तेच तर माझं काम. औषध कुठलं, बाटलीच सोबत आणली होती. माप किती, बरोबर. मोजे होते का, होते. तोंड बांधलं होतं का, होतं. "किती वेळापासून संपर्क आहे?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, "सकाळी आठपासून. तीन तास." माझ्या मागून मामांचा आवाज आला, "नाही साहेब. सोमवारपासून." डॉक्टरांनी मान वर केली. मामा म्हणाले, "हा सोमवारपासून रोज दिवसभर मारून राह्यला. सदरा तोच हाय, धुतला नाही. पंप संध्याकाळी उतरते, सदरा दिवेलागनीले. सकाळी परत तोच आंगात. तीन तास नोका लिवू साहेब, हा चौथा दिवस हाय." डॉक्टरांनी आधी लिहिलेलं खोडलं आणि दुसरं लिहिलं. आणि मी तिथे उभी राहून मनातल्या मनात भिंतीवरची चौदा कलमं वाचत होते. त्यात किती औषध होतं, कुठल्या दिशेने होतं, कशातून होतं... किती वेळ, हे एकाही कलमात नव्हतं. उलट सहाव्या कलमाने मी तो वेळ वाढवून दिला होता. संध्याकाळी फवारा थांबला तरी सदऱ्यातून औषध चालूच राहत होतं, आणि तो सदरा मीच त्याला नेमून दिला होता.

सिदूवर लगेच उपचार झाले, तो वाचला. दवाखान्याच्या बाहेर लिंबाखाली मी मामांना म्हटलं, "माह्यामुळं झालं." मामांनी समजूत घातली नाही. म्हणाले, "यादी चांगली हाय तुही. नुसतं तिच्यात घड्याळ नाही." मग खिशातून रुमाल काढून दिला आणि म्हणाले, "रडनं झालं का पेन काढ. पुसायचं नाही, जोडायचं." मी पेन काढला. आमच्या दोघांचं असंच जमायचं.

चार दिवसांनी सिदू घरी आला आणि खरी अडचण तेव्हा सुरू झाली, कारण तो बरा झाला होता. डॉक्टरांनी काही आठवडे औषधाच्या जवळ जायचं नाही असं बजावलं होतं. पण माणूस उठून जेवायला लागला, हसायला लागला, की त्याला आजारी कोण म्हणणार? तूर फुलावर यायला लागली होती, शेतकऱ्यांचे निरोप येत होते. आठव्या दिवशी सिदूने पंप धुवायला काढला. अर्चनाने मामांना बोलावून आणलं. मामा येऊन गोठ्यासमोर बाजेवर बसले. "मले काही झालं नाही आता, मामा," सिदू म्हणाला, "पाहा, दोन भाकरी खाल्ल्या." मामा म्हणाले, "पायतो ना. मासाबी असाच दिसे." सिदू वैतागला. "मी काय तुमचा मासा हाय काय?" मामा शांतपणे म्हणाले, "मासा असता तं सोपं होतं. मी जाळीनं उचलून साफ पान्यात टाकला असता. मासा बापडा सोताहून बरनीत जात नाही. तू तं पंप धुवून, तयारी करून चालला." अर्चना पदरात तोंड लपवून हसली. सिदू हसला नाही. मग मामांनी वाचलेल्या माशांची, ज्यांना दुसऱ्याच दिवशी पुन्हा टाकलं त्यांची गोष्ट त्याला पहिल्यांदा सांगितली, आणि शेवटी ती सांगता सांगता त्यांचा आवाज गेला. मी मामांना तसं कधी पाहिलं नव्हतं. सिदूने पंप उचलला आणि आत नेऊन ठेवला. त्या हंगामात तो काढला नाही.

पण पुढच्या हंगामाचं काय? फवारणी सोड असं सांगणं सोपं, पण मामा सोप्या गोष्टी सांगत नसत. त्यांनी आणि मी उन्हाळ्यात बसून एक पद्धत ठरवली. गावातले फवारणी करणारे चौघं, चौघांची पाळी. दोन तासांवर कोणी पंप पाठीवर ठेवायचा नाही, उतरवला की दुसऱ्याने घ्यायचा, पहिल्याने अंग धुऊन, सदरा बदलून पाणी वाहायला लागायचं. ओला सदरा तिथेच साबणाच्या बादलीत. आणि एक दिवस मारलं की पुढचे काही दिवस त्या माणसाने औषधापासून लांब. मी विचारलं, "मामा, हे दोन तास कुठून आनले? पुस्तकात हायत काय?" ते म्हणाले, "पुस्तकात नाहीत. हे आपले हायत, जमतीन एवढे. कोनी इचारलं तं दोन तास मारलं म्हंजे दवाई लागत नाही असं नोको सांगू. कमी वेळ म्हंजे कमी लागन, एवढंच." हे मी यादीत जसंच्या तसं लिहिलं.

सगळ्यात मोठा विरोध श्यामरावांचा होता. गावात जास्त जमीन त्यांची, मामांच्याच वर्गात शिकलेले, आणि मामांना ते कायम ‘यशवंता’ म्हणत. मामा त्यांना ‘श्यामराव’ म्हणत. "एका पंपाले चार मानसं?" ते धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभे राहून ओरडले, "फवारा मारता का वरात काढता बे?" मामा म्हणाले, "वरातच समजा. तुमाले फकत शेवटी पाहायचं हाय, किती शेत झालं." दिवस संपला तेव्हा शेत नेहमीइतकंच झालं होतं, वर थोडं जास्तच, कारण दुपारनंतर एकटा माणूस पाय ओढतो आणि पाळीतला ताजा असतो. श्यामरावांनी तुरीतून एक चक्कर मारली. पुढच्या आठवड्यात त्यांनी विहिरीजवळ नळ आणि आडोसा करून दिला, या पोरांना अंग धुवायला. आणि त्याच्या पुढच्या वर्षी कधीतरी मी त्यांना मामांना ‘यशवंतराव’ म्हणताना ऐकलं. मामांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण घरी येऊन त्यांनी मामींना शिरा करायला लावला.

पाळी सगळी सुरळीत चालली असं नाही. सुट्टीच्या दिवशी एकजण गुपचूप शेजारच्या गावात जाऊन मारून आला होता, मामांनी त्याला दोन दिवस नाव घेऊन हाक मारली नाही, नुसतं "ओ पाव्हने" म्हणायचे. त्याला ते सहन झालं नाही म्हणून त्याने कबूल केलं. एकदा सिदूनेच मला विचारलं, "ताई, मामा सोता एवढे वर्सं त्या बरन्या उघड्या हातानं धुत राह्यले, त्यायले नसन लागलं काही?" मीही नर्स म्हणून ते कितीदा मनात आणलं होतं. मामांना विचारलं तर त्यांनी तळहात उलटेसुलटे करून पाहिले, जणू दुसऱ्याचे आहेत, आणि म्हणाले, "लागलं असन. तवा कोनाले ठाऊक होतं." एवढ्यावर विषय संपला. मामा वयाने गेले, झोपेतून उठून, चहाच्या आधी. त्या मरणाला मी दुसरं कारण जोडत नाही. पंच्याहत्तरी गाठलेली, माणसं आसपास, हातून एक काम नीट मार्गी लागलेलं. दुःख आहे, पण तक्रार करायला जागा सापडत नाही.

काळजी मात्र एक होती, आणि ती मी मामींनाही बोलले नव्हते. पाळी मामांच्या धाकाने चालते की आपली आपण, हे मला ठाऊक नव्हतं. सिदू चौघांत मोठा. तो घसरला तर बाकीचे तिघं घसरणार. गेल्या आठवड्यात आभाळ दाटून आलं, तुरीवर अळी पडली. असल्या हवेत सगळ्या गावाला एकाच दिवशी फवारा हवा असतो. मी मामींची औषधं द्यायला म्हणून गेले, आणि ओट्यावर सिदू बसलेला दिसला. सकाळचे दहा, ऐन कामाची वेळ. मी विचारलं, "काहून रे, तब्येत बरी नाही काय?" तो म्हणाला, "मस्त हाय. काल मारलं ना, आज माही पाळी नाही." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. श्यामराव होते, आवाज मलाही ऐकू येत होता. अळी सगळ्या शेंगांत शिरते आहे, चौघंही पोरं सुट्टीवर, तू तरी आजच्या दिवस ये, तुझ्यासारखं कोणाला मारता येत नाही... सिदू ऐकत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. "बरोबर हाय काका," तो शेवटी म्हणाला, "पन मी कालच बरनीतून निंगालो. आज नाही जमत." पलीकडून श्यामराव म्हणाले, "बरं. यशवंतरावायचे भाचे तुमी... बस घरी," आणि फोन ठेवला.

मामी आतून सुपात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बसलेच आहात दोघं तं हे निवडा," त्या म्हणाल्या आणि सूप आमच्या मध्ये ठेवलं. आम्ही निवडायला लागलो. सिदू पिवळी पानं काढत होता, मी मुळं तोडत होते. थोड्या वेळाने मी त्याचा हात धरला आणि नाकाशी नेला. "काय करून राह्यली वो ताई?" तो म्हणाला, पण हात काढून घेतला नाही. बोटांना सांबाराचा वास येत होता, ताज्या, ओल्या सांबाराचा. दुसरा कुठलाच नाही.